त्या उंदराला गोळी कोणी दिली?

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने घेतलेल्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘औषधांसाठी प्राण्यांवर होणारे प्रयोग बंद झाले पाहिजेत.’ मी विषयाच्या बाजूने बोलले. सात मिनिटांच्या भाषणात ‘मुके प्राणी’ हे शब्द मी दहा वेळा तरी उच्चारले असतील. बुद्ध झाले, महावीर झाले, संतांची भूतदया झाली. शास्त्रज्ञांना दोन-चार टोलेही लगावून झाले. टाळ्या मिळाल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीसही मिळाले. बक्षिसाचा पेला घेऊन मी घरी पोचले, तेव्हा आजीची गोळीची वेळ झाली होती.

आजीला गेली अनेक वर्षे आमवात आहे. सकाळी उठल्यावर तिच्या हातांची मूठ मिटत नाही. पातळाच्या निऱ्या धरायला आईला यावे लागते. बोटांचे सांधे सुजले की नुसता पदर लागला तरी ती कळवळते. पूर्वी ती निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेई. आजही घेते, पण गोळीवाचून तिचा दिवस निघत नाही. तर ती गोळी मी तिच्या हातावर ठेवली. तिने विचारले, “कशावर बोललीस गं आज?” मी सांगितले. ती गोळीकडे बघत म्हणाली, “म्हणजे हीसुद्धा आधी उंदराला दिलेली?”

“हो आजी. आधी उंदरांनाच देऊन बघतात.”

“त्याचंही असंच दुखत होतं का?”

“दुखवतात. मुद्दाम पंजा सुजवतात त्याचा.”

“बरं. पण मग गोळी दिली ना त्याला?”

“काहींना देतात, काहींना नाही देत.”

“ज्यांना नाही दिली त्यांचं काय?”

मला उत्तर देता आले नाही. आजीने पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतली. तिने ती घेऊ नये असे माझ्याही मनात आले नाही. सात मिनिटे मी ज्याच्याविरुद्ध तावातावाने बोलले होते, त्याच गोष्टीचे फळ मी माझ्या हाताने आजीला दिले होते, आणि त्याबद्दल मला समाधानच वाटत होते. तो दिवस आणि आजचा दिवस, या विसंगतीने मला स्वस्थ बसू दिलेले नाही. मी कलाशाखेची विद्यार्थिनी आहे. औषधशास्त्रातील माझा अधिकार शून्य. तरी ग्रंथालयात बसून आणि औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या एका मैत्रिणीचे डोके खाऊन जे काही समजून घेतले, ते आणि त्यावरून बनलेले माझे मत येथे मांडते आहे.

प्रथम त्या उंदराविषयी. शरीराला इजा झाली किंवा आजीच्या बाबतीत होते तसे शरीर आपल्याच सांध्यांवर उलटले, की त्या जागी लाली येते, ऊब जाणवते, सूज येते आणि ठणका लागतो. ही चार लक्षणे पहिल्या शतकातील सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहेत. वैद्यकात याला दाह म्हणतात. दाह कमी करणाऱ्या औषधाची परीक्षा घ्यायची तर आधी दाह हवा. तो आणण्याची एक पद्धत १९६२ साली विंटर, रिस्ले आणि नस या तीन संशोधकांनी प्रसिद्ध केली. तांबड्या समुद्रशेवाळापासून कॅरॅजिनन नावाचा पदार्थ काढतात. आइस्क्रीम दाट व्हावे म्हणून वापरतात तोच हा. त्याचे एक टक्का द्रावण, अवघे ०.१ मिलिलिटर, पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचतात. तीन-चार तासांत पंजा फुगतो. घोट्यावर शाईची खूण करून तो पंजा द्रवाने भरलेल्या नळीत बुडवायचा आणि द्रव किती वर सरकला ते मोजायचे. ज्यांना आधी औषध दिले आहे त्यांचा पंजा कमी फुगला, तर औषधात काही दम आहे असे समजायचे. साधी, स्वस्त आणि पुनःपुन्हा करता येणारी पद्धत. म्हणूनच साठ वर्षांनंतरही ती जगभर वापरात आहे.

सूज मोजली म्हणजे वेदना मोजली असे नव्हे. वेदनेसाठी वेगळ्या कसोट्या आहेत. १९५७ साली रँडॉल आणि सेलिटो यांनी सुजलेल्या पंजावर हळूहळू दाब वाढवत नेण्याची रीत काढली. उंदीर ज्या दाबाला पाय ओढून घेईल तो त्याच्या सहनशक्तीचा आकडा. १९८८ पासून काचेच्या तळाखालून पंजावर उष्ण प्रकाशाचा झोत टाकून, किती सेकंदांत पाय उचलला जातो तेही मोजतात. आमवातासारखा दीर्घकाळचा विकार हवा असेल, तर मृत क्षयजंतू मिसळलेले तेलकट मिश्रण टोचून उंदराच्या सांध्यांना कित्येक दिवस टिकणारी सूज आणतात. आजीच्या बोटांचे दुखणे ज्याला सर्वांत जवळून ठाऊक असेल, तो प्राणी हा.

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. ज्यांना गोळी दिली नाही त्या उंदरांना ‘नियंत्रण गट’ म्हणतात. त्यांचाही पंजा तितकाच सुजवतात, पण औषधाऐवजी नुसते मिठाचे पाणी किंवा तसेच निरुपद्रवी काही देतात. हा गट नसेल तर तुलना कशाशी करणार? औषधाने सूज उतरली की ती आपोआपच उतरली, हे कळायचे कसे? म्हणजे आजीच्या गोळीवर विश्वास ठेवता येतो, तो ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यामुळे. प्रयोग संपल्यावर बहुधा दोन्ही गटांतील उंदरांना मारून टाकतात.

येथेच वेदनाशामकांच्या संशोधनाची खरी अडचण आहे. हृदयाचे, मूत्रपिंडाचे किंवा शस्त्रक्रियेचे प्रयोग करताना प्राण्याला भूल देता येते, नंतर वेदनाशामकही देता येते. तेथे वेदना हा नकोसा सोबती असतो आणि त्याला बाहेर काढता येते. वेदनेच्या संशोधनात मात्र वेदना हाच विषय असतो. ती काढून टाकली तर प्रयोगच उरत नाही. म्हणून ‘आम्ही प्राण्यांना काही त्रास होऊ देत नाही’ हे वाक्य इतर प्रयोगशाळांत कदाचित खरे असेल, या प्रयोगशाळेत ते पूर्णपणे खरे असू शकत नाही.

माझ्या भाषणात मी येथेच थांबले होते. पण पुढे वाचत गेले तेव्हा दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे समोर आली. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलोच्या सालीची पूड तापावर गुणकारी असल्याचे रॉयल सोसायटीला कळवले. १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार झाले आणि १८९९ पासून ते विकले जाऊ लागले. कोट्यवधी लोकांनी ते घेतले. पण ते नेमके काय करते हे सत्तर वर्षे कोणाला सांगता येत नव्हते. १९७१ साली जॉन वेन यांनी गिनिपिगच्या फुप्फुसांचा अर्क काढून दाखवून दिले, की दाह आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होतात आणि ॲस्पिरिन त्यांची निर्मितीच रोखते. त्याच द्रव्यांपैकी काही जठराच्या आतल्या अस्तराचे रक्षणही करतात. आजीला गोळी जेवणानंतर घ्यायला सांगतात आणि तरीही तिच्या पोटात जळजळते, याचे कारण तेव्हा उलगडले. वेन यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दुसरे उदाहरण आयबुप्रोफेनचे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे बूट्स कंपनीत स्टुअर्ट ॲडम्स हे आमवाताच्या रुग्णांसाठी ॲस्पिरिनपेक्षा पोटाला सोसेल असे औषध शोधत होते. गिनिपिगच्या पाठीवरील केस काढून त्या जागी अतिनील किरण टाकायचे आणि कोणत्या द्रव्याने लाली उशिरा येते ते पाहायचे, अशी त्यांची कसोटी होती. शेकडो संयुगे तपासली गेली, अनेक वर्षे गेली. १९६९ साली आयबुप्रोफेन इंग्लंडमध्ये विक्रीला आले. एका समारंभाच्या दुसऱ्या दिवशी भाषण द्यायचे होते आणि आदल्या रात्रीच्या मद्यपानाने डोके ठणकत होते, तेव्हा ॲडम्स यांनी आपल्याच औषधाची मात्रा घेऊन पाहिली, ही आठवण ते स्वतः सांगत असत. मला ही हकीकत आवडते. गिनिपिगाच्या पाठीवर ज्याची परीक्षा घेतली, त्याची परीक्षा स्वतःवर घ्यायला तो माणूस कचरला नाही.

आता कोणी म्हणेल, की विज्ञान एवढे पुढे गेले आहे, मग हे सगळे परीक्षानळीत का करत नाहीत? काही अंशी करतातच. प्रोस्टाग्लँडिन बनवणारे विकर आज नळीत घेऊन, कोणते संयुग त्याला अडवते हे पाहता येते. निरुपयोगी संयुगे तेथेच गळतात आणि तितके उंदीर वाचतात. पण नळीतल्या पेशीला दुखत नाही. मज्जातंतू, मज्जारज्जू आणि मेंदू मिळून जे घडते, ज्यात भीती असते, आठवण असते, झोप उडणे असते, ते कोणत्याही नळीत अजून उतरलेले नाही. म्हणून प्रयोग आजच्या आज बंद करा असे म्हणणाऱ्याने, नवे वेदनाशामक नको असेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. आणि ते म्हणण्यापूर्वी त्याने सकाळी सहा वाजता आमच्या घरी येऊन आजीचे हात पाहावेत.

मग मी बाजू बदलली का? नाही. दुसऱ्या बाजूच्या भाषणातही एक मोठी पळवाट असते. ‘प्राण्यांना आपल्यासारखी वेदना थोडीच होते’ असे त्यात म्हटले जाते. हे खरे असेल तर उंदरावरून आजीविषयी काही शिकता येणार नाही, आणि सारा खटाटोप व्यर्थ ठरेल. उंदराची वेदना आपल्यासारखी आहे असे गृहीत धरल्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही. आणि ती आपल्यासारखी आहे असे एकदा मानले, की प्रयोग करणाऱ्याचे मन निर्धास्त राहू शकत नाही. ज्ञान मिळवताना साम्य मान्य करायचे आणि जबाबदारी येताच फरक पुढे करायचा, हा व्यवहार सचोटीचा नाही.

साम्याचा पुरावा तर संशोधकांनीच गोळा केला आहे. २०१० साली कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने छोट्या उंदरांच्या चेहऱ्यावरील वेदनेची मोजपट्टी तयार केली. डोळे किती मिटले आहेत, नाक आणि गाल किती फुगले आहेत, कान आणि मिशा कशा वळल्या आहेत, यावरून त्याला किती दुखते ते ठरवतात. याच गटाने २००६ साली दाखवले होते, की ओळखीचा सोबती वेदनेत दिसला तर शेजारच्या उंदराचीही वेदनेची प्रतिक्रिया वाढते. शिवाय संकटात सापडलेले उंदीर सुमारे २२ किलोहर्ट्‌झच्या आवाजात ओरडतात. आपल्या कानाची मजल २० किलोहर्ट्‌झपर्यंतच. मी व्यासपीठावरून ज्यांना दहा वेळा ‘मुके’ म्हटले ते मुके नाहीत. आपल्याला ऐकू येत नाही एवढेच.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्राण्याला वेदना देऊन मिळवलेले ज्ञान जर कच्चे निघाले, तर ती वेदना फुकट गेली. आणि असे अनेकदा घडले आहे. ‘सबस्टन्स पी’ हे द्रव्य वेदनेचा संदेश वाहून नेते असे आढळल्यावर त्याला अडवणारी औषधे तयार झाली. प्राण्यांवर ती वेदनाशामक ठरली. माणसांवरील चाचण्यांत मात्र बहुतेक निष्प्रभ ठरली. त्यातून पुढे कर्करोगाच्या उपचारातील वांत्या थांबवणारे एक औषध २००३ साली मिळाले हे खरे, पण ज्यासाठी उंदरांचे पंजे सुजवले होते ते साधले नाही. रोफेकॉक्सिब हे पोटाला कमी त्रासदायक म्हणून १९९९ साली आलेले दाहशामक. त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो हे माणसांवरील चाचण्यांतून स्पष्ट झाल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले.

कारणे पाहू गेले की चीड येते. वेदनेच्या संशोधनाला वाहिलेल्या एका प्रमुख आंतरराष्ट्रीय नियतकालिकातील दहा वर्षांच्या प्राणिप्रयोगांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील किमान ७९ टक्के प्रयोग केवळ नरांवर झालेले होते. आमवात मात्र पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटीने अधिक होतो! माद्यांच्या शरीरातील चक्रामुळे आकडे डळमळीत होतात, अशी समजूत होती. तपासल्यावर ती टिकली नाही. २०१५ साली तर असे दिसले, की वेदना टिकवून धरण्यात नर आणि मादी उंदरांत वेगवेगळ्या पेशी भाग घेतात. म्हणजे आजीच्या दुखण्याविषयी नरांना विचारून घेतलेले उत्तर अर्धेच होते. माझ्या वर्गमैत्रिणींना याचे नवल वाटणार नाही. २०१४ साली आणखी एक गोष्ट उघड झाली: खोलीत पुरुष संशोधक असला, किंवा पुरुषाने घातलेला सदरा जरी ठेवला, तरी त्या वासाच्या ताणाने उंदरांची वेदनेची प्रतिक्रिया मंदावते. कितीतरी प्रयोगांत औषधाच्या गुणाबरोबर नकळत सदऱ्याचा वासही मोजला गेला असेल.

प्रश्न अपुरा विचारला तर काय होते, याचे याहून भयंकर उदाहरण आपल्याच देशात घडले. डायक्लोफेनॅक हे माणसांना दिले जाणारे दाहशामक आपल्याकडे लंगडणाऱ्या, सुजलेल्या गुराढोरांनाही देऊ लागले. हेतू दयेचाच होता. पण औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली सापडले. २००६ साली पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम सुरक्षित आहे की नाही हे ठरवायचे, तर ते गिधाडांनाच देऊन पाहावे लागले, तेही अत्यंत सावधपणे, आधी आफ्रिकेतील तुलनेने विपुल जातीला आणि मग आपल्याकडील जातींना. ते सुरक्षित ठरले. त्या प्रयोगाला मी विरोध करू शकत नाही. गिधाडाला औषध दिले ते गिधाडाच्याच जातीसाठी होते, संख्या थोडी होती आणि प्रश्न नेमका होता.

यावरून माझे मत असे बनले आहे. ही संशोधने आज थांबवता येणार नाहीत. पण ती करण्याचा आपल्याला जन्मसिद्ध हक्क आहे असेही मानता येणार नाही. ते ऋण आहे, आणि ऋणकोने वागायचे नियम असतात. हे नियम शोधायला दूर जावे लागत नाही. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ सालीच तीन गोष्टी सांगितल्या: जमेल तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, जमेल तितकी संख्या कमी करा, जमेल तितका त्रास कमी करा. वेदना अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८३ साली नियम प्रसिद्ध केले. त्यांतील एक वाचून मी थबकले. शक्य असेल तेथे संशोधकाने तो वेदनेचा उत्तेजक आधी स्वतःवर करून पाहावा, असे त्यात सांगितले आहे. मला वाटते, संपूर्ण नीतिशास्त्राच्या तासांना जे साधत नाही ते हा एक नियम साधून जातो.

आता आपल्या देशाकडे वळते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० साली झाला. त्याच्या मागे एका नर्तिकेचा आग्रह होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेवर नियुक्त झाल्या होत्या. त्यांनी खाजगी विधेयक मांडले. सरकारने स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर ते मागे घेतले. या कायद्याने प्रयोगांवर बंदी घातलेली नाही, पण केवळ हाताला सवय व्हावी म्हणून प्रयोग करू नयेत आणि पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे ते टाळावेत, असे बजावले आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, आणि शास्त्रज्ञ नसलेला, सामाजिक जाणीव असलेला एक सदस्यही असावा लागतो. २०२३ साली नव्या औषधांविषयीचे नियम बदलून प्राण्यांखेरीज इतर पद्धतींचे निष्कर्षही ग्राह्य धरले गेले आहेत.

मित्रहो, तो ‘शास्त्रज्ञ नसलेला सदस्य’ म्हणजे आपण आहोत! कायद्याने कलाशाखेच्या माणसासाठी त्या टेबलाशी एक खुर्ची राखून ठेवली आहे. ती मान डोलवण्यासाठी नाही. आपण तेथे बसलो तर काय विचारू? मला जे सुचतात ते प्रश्न अगदी साधे आहेत. हाच प्रयोग यापूर्वी कोणी केला आहे काय? केला असेल तर पुन्हा का? माद्याही घेतल्या आहेत काय? किती उंदीर, आणि तेवढेच का? वेदना कोणत्या टप्प्याला थांबवणार? निष्कर्ष उलटा आला तर तो प्रसिद्ध करणार का, की कपाटात ठेवणार? कारण फसलेला प्रयोग लपवला, की दुसऱ्या गावात दुसरा कोणी तोच प्रयोग नव्या उंदरांवर करतो.

पहिला प्रश्न मी उगाच घातलेला नाही. निर्गुडी, हळद, गुग्गुळ अशा वनस्पतींचे अर्क कॅरॅजिननने सुजवलेल्या पंजावर तपासणारे प्रबंध आपल्या देशात आजवर कितीतरी झाले आहेत. ‘सूज लक्षणीय प्रमाणात कमी झाली’ हे त्यांचे ठरलेले शेवटचे वाक्य. त्यानंतर ना माणसांवर चाचणी, ना औषध. माझ्या मैत्रिणीला मी विचारले, “मग हे करतात तरी कशाला?” ती म्हणाली, “अगं, पदवीला प्रबंध लागतो.” ती हे निलाजरेपणाने म्हणाली नाही, तिलाही ते खुपत होते. पदवी मिळावी म्हणून पंजा सुजवणे हे कायद्याच्या शब्दांत बसत असेलही, पण आजीच्या प्रश्नापुढे ते टिकत नाही.

माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आपल्या घरात उंदराला पिंजरा लावतात, विष घालतात, ताटात कोंबडी असते, मग प्रयोगशाळेतल्या उंदराचाच कळवळा का? याला माझे उत्तर इतकेच, की एक दोष पदरात आहे म्हणून दुसऱ्याचा हिशेब मागू नये असे ठरत नाही. शिवाय विषाने मरणाऱ्या उंदराच्या दुःखावर आपण ज्ञानाची इमारत उभी करत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या दुःखावर ती उभी आहे, आणि आपण रोज तिच्यात राहतो. दातदुखीला, पाळीच्या दुखण्याला, मुरगळलेल्या पायाला आपण सहजपणे जी गोळी घेतो, तिच्या पाकिटावर किंमत छापलेली असते. ही दुसरी किंमत छापलेली नसते.

परवा आजीला मी हे सारे माझ्या परीने सांगितले. नियंत्रण गट म्हणजे काय तेही सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “म्हणजे त्यांना मिळाली नाही म्हणून मला मिळाली.” मी हो म्हटले. “मग निदान ती वाया तरी घालवू नये,” असे म्हणून तिने, सकाळी दुखत नव्हते म्हणून न घेतलेली एक गोळी उशीखालून काढली आणि डबीत परत ठेवली.

या वर्षीही वाङ्मय मंडळाची वादविवाद स्पर्धा होईल. हाच विषय पुन्हा ठेवावा, अशी माझी विनंती आहे. मी कोणत्या बाजूने बोलेन ते आज सांगता येत नाही. पण बोलणाऱ्या प्रत्येकाने, दोन्ही बाजूंच्या, व्यासपीठावर चढण्यापूर्वी आपल्या घरातली औषधांची डबी एकदा उघडून पाहावी, एवढे मात्र मी आवर्जून सुचवीन.